चाळीसची डिस्क, बत्तीसचं बोर्ड

आमच्या राजापेठेतल्या घरात शांतता म्हणून कधी नसायचीच. मागच्या खोलीत बाबांची गणिताची शिकवणी चालायची आणि तिथून पोरांचा सूत्रं घोकण्याचा गलका सतत येत राहायचा. स्वयंपाकघरात कुकर, रस्त्यावर दुचाक्यांचे हॉर्न, आणि पुढच्या खोलीत आईचा कीबोर्ड. पुढची खोली म्हणजे खरं तर व्हरांडाच. त्याला काचा लावून बाहेर 'शारदा मराठी टायपिंग' अशी निळी पाटी टांगली होती. आई तिथे लग्नपत्रिका जुळवायची, शेजारच्या क्लासवाल्यांचे पेपर टाइप करायची, मंडळांची पावतीपुस्तकं करायची. तिने मराठी टंकलेखनाच्या परीक्षा लग्नाआधी दिल्या होत्या, आणि लग्नानंतर बारा-तेरा वर्षं त्या परीक्षांचा उपयोग फक्त पाहुण्यांना सांगण्यापुरता झाला होता. मग एका बंद पडलेल्या छापखान्यातून बाबांनी तो जुना कॉम्प्युटर आणला, आणि आमच्या घराचा आवाजच बदलला. दुपारी शाळेतून येताना फाटकाशीच कळायचं, आई खुशीत आहे की घाईत आहे. खुशीत असली की मधेच कीबोर्ड थांबायचा आणि ती स्वतःशीच काहीतरी गुणगुणायची.

त्या कॉम्प्युटरचं सगळं मोल एका कार्डात होतं. डबा उघडला की आत मदरबोर्डावर एका लांबलचक काळ्या खाचेत एक वीतभर हिरवं कार्ड उभं खोचलेलं दिसायचं. मराठी अक्षरं त्या कार्डातून यायची. कार्ड काढलं की आमचा कॉम्प्युटर पार इंग्रज होऊन बसायचा. आजच्या मुलांना हे सांगितलं तर खोटं वाटतं. माझा भाचा परवा फोनवर मराठीत बोलला आणि फोनने ते आपोआप लिहून दाखवलं, तेव्हा मला ते हिरवं कार्ड आठवलं आणि उगीचच हसू आलं. तो विचारत राहिला, मावशी काय झालं, आणि मला काही त्याला नीट सांगता येईना. म्हणून हे लिहायला बसले आहे, चाळिशीचा चष्मा नाकावर सारून.

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन घरी बसले होते, त्या उन्हाळ्यात कॉम्प्युटरची हार्ड डिस्क खटखटायला लागली. आधी दिवसातून एकदा, मग सारखीच. आतून कोणी नखाने डबा वाजवतंय असा तो आवाज होता. कधी कॉम्प्युटर सुरू व्हायचा, कधी नुसताच खटखट करून गप्प बसायचा. त्या डिस्कवर आईचं सगळं काम होतं. पत्रिकांच्या वेलबुट्ट्या, गणपतीचे साचे, आणि त्यातच अकोल्याच्या आत्याच्या विजूदादाची लग्नपत्रिका, जवळजवळ पूर्ण झालेली. आईने सांगितलं, आता नवी डिस्क आणा, जुनी जिवंत आहे तोवर सगळं नवीवर उतरवून घेऊ. बाबा सायकल काढून लगेच गेले.

इथे बाबांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. बाबा कोणतीही वस्तू बेताच्या मापाची घेतच नसत. 'वाढत्या अंगाचं घ्यावं' हा त्यांचा खाक्या. माझा पाचवीतला गणवेश मी सातवीपर्यंत घातला, आणि त्याचा घेर पाचवीत असताना पोटऱ्यांना लागायचा. बुटांत पुढे कापूस कोंबून मी दोन वर्षं चालले. वऱ्हाडात कापसाला काय तोटा! कुकर घेतला तो पंगतीचा, पिंप घेतलं ते नळ गेला तरी तीन दिवस पुरेल असं. तेव्हा दुकानदाराने त्यांच्यापुढे एक वीस जीबीची आणि एक चाळीस जीबीची अशा दोन डिस्का ठेवल्यावर बाबांनी काय केलं असेल, ते वेगळं सांगायला नको. घरी येऊन त्यांनी ते चकाकतं पाकीट आईच्या पुढ्यात ठेवलं. "घे. आता जल्मभर पुरते," म्हणाले.

डिस्क जोडली आणि कॉम्प्युटर सुरू केला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी उमटल्या आणि जिथे डिस्का मोजायची ओळ येते तिथे येऊन तो थांबला. आम्ही वाट बघितली. चहा झाला. तो तिथेच. नवी डिस्क काढली की कॉम्प्युटर चालायचा, जोडली की तिथेच खिळायचा. संध्याकाळी दुकानदार स्वतः येऊन बघून गेला. चांगला माणूस होता बिचारा. तो म्हणाला, "सर, तुमचा बोर्ड जुना हाय, त्याले इतली मोठी डिस्क पेलवत नाही. बोर्ड बदला." बाबा म्हणाले, मग वीसचीच दे. तर ती शेवटची वीसची त्याच दुपारी कोणीतरी नेली होती, आणि लहान डिस्का आता वरूनच येणं बंद झालं होतं. "अन् बोर्ड बदलला तर माझं मराठीचं कार्ड?" आईने विचारलं. दुकानदाराने डब्यात डोकावून त्या लांब काळ्या खाचेकडे बघितलं आणि मान हलवली. नव्या बोर्डांना ती खाचच नसायची.

तो गेला. आईने उडदाची गोणी काढली आणि पापडासाठी उडीद निवडायला बसली. बाबांनी दोनदा घसा खाकरला. "म्हणजे मराठी गेली," ते म्हणाले.

"म्हणजे पाटी काढायची," आई म्हणाली. नुसतं एवढंच. लहानपणी मी त्या पाटीआधीची आई पाहिली होती. ती काही दुःखी वगैरे नव्हती, पण तिचा घरात आवाजच नव्हता. मला ती आई परत नको होती.

त्यात दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या येणार होती. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, अकोल्याजवळ काळ्या मातीची चांगली शेती, अंगाने दणकट आणि जिभेने त्याहून. पत्रिका आईकडे द्यायची हे बाबांनी तिच्या गळी उतरवलं होतं, पण तिचा जीव मानत नव्हता. ती मूर्तिजापूर, बडनेरा करत एसटीने दहाच्या सुमारास उतरली. एका हातात सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा डबा, दुसऱ्या हातात कैऱ्यांची पिशवी. पायही न धुता व्हरांड्यात आली आणि उघडा पडलेला कॉम्प्युटर पाहून म्हणाली, "बाप्पा! याचं पोट कावून फाडलं?"

बाबांनी सांगितलं. आत्या ऐकत होती आणि पदराने वारा घेत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "हे पाय भाऊ, लगन तोंडावर आलं. पह्यली पत्रिका आज अंबादेवीपुढं ठेवूनच मी परतणार, माहा बोल हाय तसा. दुपारलोक झालं तं झालं. नाई तं अकोल्यात छापखानेवाल्याले म्या सांगूनच ठेवलं हाय." मग आईकडे वळून, जरा मऊ आवाजात, "सुमन, राग नोको मानू वो. पण मशिनीच्या भरवशावर पोराचं लगन नाई ठेवता येत."

"राग कशाचा, ताई," आई म्हणाली आणि उडदाच्या ताटातले खडे काढत राहिली.

मला मात्र राग आला होता. कोणाचा, ते कळत नव्हतं. हाताला काहीतरी पाहिजे म्हणून मी ती नवी डिस्क उचलली आणि तिच्यावरचं लेबल वाचायला लागले. घरातल्या कोणीही, दुकानदारासकट, ते लेबल वाचलं नव्हतं. आपल्याकडे वस्तू घेतली की माप बघतात, भाव बघतात, कागद कोण वाचतो? लेबलवर मागच्या बाजूच्या पिनांची इवलीइवली चित्रं होती. त्या पिनांवर एक छोटीशी काळी टोपी बसवायची असते, तिला जंपर म्हणतात; ती कुठल्या जोडीवर बसवली त्यावरून डिस्क कशी वागायची ते ठरतं. एका चित्राखाली बारीक इंग्रजीत लिहिलं होतं, क्षमता बत्तीस जीबीपुरती मर्यादित.

"बाबा," मी म्हणाले, "हिला बत्तीसची करता येते."

बाबांनी चष्मा कपाळावर चढवून लेबल डोळ्यांजवळ नेलं. आणि मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. फळ्यावरचं अडलेलं गणित सुटलं की उजळायचा तसा. "असं हाय व्हय! अवो, या बोर्डाले बत्तीसच्या वर मोजताच येत नसन. चार घरांच्या पाटीवर पाच घरांचा आकडा मांड म्हटलं की पोट्टं कसं खडू हातात धरून उभंच राहते, तसा उभा राहून राहिला हा. हिनं आपण बत्तीसचीच हाओ असं सांगतलं, का मोजन बिचारा."

"मंग बाकीचे आठ?" आत्याने विचारलं.

"ते तसेच पडून राहतीन."

"आठ पडीक ठेवता?" आत्याला ते एकरच वाटले असावेत. तिचा चेहरा खरोखर दुखावला.

तेव्हा आईने ताटातून मान वर केली. "पडीक कशाला, ताई. आत दुमडून टीप मारायची," ती म्हणाली. "शुभीच्या गणवेशाले मारत होतो ना आपण, तशी. पोरगी वाढली का उसवायची." आणि तिला स्वतःलाच त्या बोलण्याचं हसू फुटलं. बाबांच्या मोठ्या मापांना आयुष्यभर टिपा मारून मारून आमच्या अंगाला बसवलं होतं ते तिनेच. तिला कळायला वेळ लागणार नव्हताच.

आता राहिली ती टोपी काढायची. ती होती उडदाच्या दाण्याएवढी, दोन पिनांवर घट्ट रुतलेली. माझ्या नखांनी हलेना. बाबांनी पक्कड आणली, तिने पिनाच वाकल्या असत्या. मग आत्याने कमरेचा चाव्यांचा जुडगा काढला. त्यात पायातला काटा काढायचा छोटा चिमटा असायचा. शेतात जाणाऱ्या बाईकडे तो असतोच. "सरका," म्हणाली. खाली मांडी घालून बसली, डिस्क एका हातात पाय धरावा तशी धरली, जीभ दातांत धरली आणि एक हिसडा दिला. टोपी निघाली. निघाली ती उडालीच. वर गेली, पंख्याच्या खालून वळली आणि सरळ आईच्या उडदाच्या ताटात पडली.

काळ्या उडदात काळी टोपी. मग मी आणि बाबा दोघेही एकदम ताटावर झेपावलो आणि आई ओरडली, "हात नोका लावू!" पण तोवर आमच्या धांदलीत ताट हललं होतं, आणि टोपी जी काय वर दिसत होती ती खाली गेली. आम्ही चौघे ताटाभोवती डोकी जुळवून बसलो. बाबा एक-एक दाणा बाजूला करायला लागले. "अशानं लगन होऊन पोराले पोरगं व्हईन," आत्या म्हणाली. तिने ताट उचललं, सगळे उडीद सुपात ओतले आणि उठून उभी राहिली.

आत्याचं पाखडणं मी कधीच विसरणार नाही. सूप वर जायचं, उडीद एक झेप घ्यायचे, सळ्ळ असा आवाज करून परत बसायचे, आणि दर वेळी फोलपटं हळूहळू पुढच्या कडेला येत जायची. जड ते मागे, हलकं ते पुढे. बाबा सुपापुढे धोतराचा सोगा धरावा तसा टॉवेल धरून उभे होते. सातव्या-आठव्या झेपेला फोलपटांच्या जोडीने आमचं प्लॅस्टिकचं पाखरू कडेवर आलं. "हे घ्या तुमचं बत्तीस," आत्या म्हणाली, आणि आम्ही सगळे इतके हसलो, इतके हसलो की मागच्या खोलीतली शिकवणीची पोरं दाराशी येऊन उभी राहिली. पुढे मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले, प्रयोगशाळेत मुलांना शिकवलं, पुष्कळ जंपर काढले आणि बसवले. सुपाने शोधलेला मात्र तो एकच.

टोपी चित्राप्रमाणे नव्या जागी आत्यानेच चिमट्याने बसवली. आता तिला दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नव्हता. मी केबल जोडली, बटण दाबलं. ओळी उमटल्या. डिस्का मोजायची ओळ आली. थांबली. माझ्या छातीत असं काही धडधडत होतं की मला वाटलं जुनी डिस्कच खटखटते आहे. आणि मग ती ओळ पुढे सरकली, खाली बत्तीसचा आकडा आला, आणि कॉम्प्युटर आपला नेहमीसारखा सुरू झाला. बाबांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी कीबोर्डवरच आदळले. मला रडू येत होतं आणि आनंदही होत होता. मी इतकी खूश त्याआधी कधी झाल्याचं मला आठवत नाही.

पण अर्धंच काम झालं होतं. जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरवायचं होतं, आणि दोन वाजता लोडशेडिंग. त्यात बाहेर वैशाखाचं ऊन, व्हरांड्याच्या काचा हात लावला तर पोळत होत्या. जुनी डिस्क तापली की जास्त खटखटायची. थोडं काम झालं की अडायची. शेवटी आईने कूलरला हात घातला. आमच्या घरात कूलर एकच, आणि दुपारी सगळ्यांनी त्याच्यापुढे ओळीने पडायचं हा उन्हाळ्याचा रिवाज. आईने तो ओढत आणला आणि त्याचं तोंड कॉम्प्युटरच्या उघड्या डब्याकडे केलं, पाण्याची मोटर बंद करून, नुसता वारा. आम्ही भिंतीला टेकून घामाने निथळत बसलो. "माणसं भाजून राह्यली अन् डब्याले हवा," बाबा म्हणाले, पण जागचे हलले नाहीत. शिकवणीच्या पोरांना त्यांनी सुट्टी देऊन टाकली होती. आत्याने कैरीचं पन्हं केलं, सांबारवडी तळली, आणि आम्ही ती डिस्कवर नजर ठेवून खाल्ली. जुनी डिस्क खटखट करायची, सगळ्यांचे घास हातात थांबायचे. पुन्हा चालू लागली की तोंडं चालू. एकदा ती बराच वेळ अडली तेव्हा आत्या उठून तिच्याजवळ गेली. "चाल माय चाल, थोडंसंच उरलं," असं गाभण गाईशी बोलावं तसं बोलली. ती चालली. का चालली, ते मी आजही शास्त्राने सांगू शकत नाही.

दोनच्या आधी सगळं उतरलं. जुनी डिस्क काढून ठेवली आणि आई खुर्चीत बसली. विजूदादाची पत्रिका उघडली. आत्या मागे उभी राहून डोळे बारीक करून वाचत होती. गणपती, कुलदैवत, वर, वधू, मुहूर्त, स्थळ. मग 'विनीत' म्हणून नावं. आमच्याकडे ती भाराभर असतात. आजोबा, काका, चुलतकाका, आतेभाऊ, गावचे पाटील. आईने विचारलं, "काढू ना आता प्रिंट? लाइट जाईन."

"थांब वो," आत्या म्हणाली. तिने पडद्यावर बोट टेकवून नावांवरून खाली, मग पुन्हा वर फिरवलं. "याच्यात तुहं नाव कुठी हाय?"

आईला समजलंच नाही. "ह्यांचं हाय ना. हे काय तिसऱ्या ओळीत."

"भावाचं म्या पाह्यलं. तुहं इचारून राह्यली."

"ताई, बायकांची नावं कुठं टाकतेत विनीतात?"

"टाकतेत का नाई ते माहं मी पाहीन. पोरगं माहं हाय. कोणी रुसलं तं माह्याकडं धाडून दे." मग बाबांकडे बघून, "काय भाऊ?" बाबांनी नुसती मान डोलावली.

आई ते हिरवं कार्ड घरात आल्यापासून रोज नावंच लिहीत आली होती. कोणाकोणाची लग्नं, वास्तू, बारशी. कीबोर्डकडे ती कधी बघतसुद्धा नसे; नजर समोर, ओठांत नाव, आणि बोटं आपली धावत. त्या दुपारी तिने नवी ओळ घेतली, हात उचलले, आणि ते तसेच राहिले. मग तिने मान खाली घातली. एक बोट पुढे धरून ती, पहिल्या दिवशी शिकायला आलेली पोरगी शोधते तशी, कीबोर्डवर अक्षर शोधत होती.

"सांगू का वो कुठी हाय तं?" आत्या म्हणाली.

"थांबा ना ताई," आई म्हणाली. तिने पदराने डोळे पुसले आणि पुन्हा खाली वाकली. "सापडून राह्यलं."